सहा जणांचं घर: कॅलिफोर्नियात लहान वृद्धनिवास सुरू करताना

फ्रीमाँट किंवा सनीव्हेलच्या एखाद्या शांत गल्लीतल्या साध्या बैठ्या घरात सहा वृद्ध राहतात, हे पुष्कळदा शेजाऱ्यांनाही माहीत नसतं. बाहेर पाटी नसते. फार तर दाराशी लाकडी उतार आणि त्याला दोन्हीकडे कठडे दिसतील. अशा घरांना इथे सगळे ‘बोर्ड अँड केअर’ किंवा नुसतं ‘सिक्स-बेड’ म्हणतात. सरकारदरबारी त्याचं नाव ‘रेसिडेन्शियल केअर फॅसिलिटी फॉर द एल्डर्ली’, म्हणजे आरसीएफई.

गेली नऊ वर्षं मी असं एक घर चालवते. दर दोन-तीन महिन्यांनी कुणातरी मराठी माणसाचा फोन येतो. “ताई, आमचं चार बेडरूमचं घर आहे. हिला नर्सिंगचा अनुभव आहे. लायसन्स कसं काढायचं?” मी आधी एकच विचारते: रात्री दोन वाजता या घरात कोण असेल, आणि आग लागली तर तो माणूस सहा जणांना कसं बाहेर काढेल? नियमांच्या जाडजूड पुस्तकातलं बहुतेक सगळं या प्रश्नापाशीच येऊन थांबतं. याचं उत्तर ज्याच्याकडे तयार आहे, त्याला फॉर्म भरणं जड जात नाही.

आधी हे काय आहे आणि काय नाही

आरसीएफई म्हणजे नर्सिंग होम नव्हे. नर्सिंग होमवर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची देखरेख असते, आपल्यावर समाजसेवा विभागाच्या ‘कम्युनिटी केअर लायसन्सिंग’ शाखेची. इथे सगळे तिला नुसतं ‘लायसन्सिंग’ म्हणतात. आपण राहायला जागा, जेवण आणि देखरेख देतो, आंघोळ-कपडे-संडासाला मदत करतो, औषधं वेळेवर हातात ठेवतो. वैद्यकीय उपचार आपल्या कामात येत नाहीत. मूळ कायदा १९८५ चा, आणि रोजच्या कामाचे नियम राज्याच्या नियमसंग्रहातल्या ‘टायटल २२’ मध्ये, सहाव्या विभागाच्या आठव्या प्रकरणात आहेत. ते प्रकरण छापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवा. मी अजूनही आठवड्यातून एकदा तरी उघडते.

लायसन्सशिवाय एकही माणूस ठेवू नका. “ओळखीच्या काकू आहेत, थोडेच दिवस” म्हणून सुरुवात करणारे मी पाहिले आहेत. पैसे घेऊन वृद्धांची देखरेख सुरू केली की कायद्याच्या नजरेत ते विनापरवाना निवास ठरतं. त्याचा दंड दर माणशी दर दिवशी १०० डॉलर, आणि पुढे लायसन्स मागायला जाल तेव्हा ही गोष्ट फाईलमध्ये असतेच.

सहा हा आकडा महत्त्वाचा आहे. सहा किंवा त्याहून कमी रहिवासी असतील, तर राज्याच्या कायद्यानुसार ते घर एका कुटुंबाचं घरच धरलं जातं. इतर घरांना लागत नाही असा वापर-परवाना गाव किंवा शहर तुमच्याकडे मागू शकत नाही, व्यवसाय कर लावू शकत नाही, आणि सोसायटीच्या नियमांत ‘फक्त कुटुंबासाठी’ लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर अडवू शकत नाही. सातवा माणूस घेतलात की शहराच्या नियोजन खात्याची वेगळी वाट सुरू होते. नव्या माणसाने सहावर थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

स्वतःची तयारी

प्रत्येक घराला एक प्रमाणित अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतो. लहान घरासाठी अट साधी आहे: वय किमान २१ आणि हायस्कूल पूर्ण. मग मान्यताप्राप्त संस्थेत ८० तासांचं प्रशिक्षण. पूर्वी हे ४० तासांत उरकायचं. २०१४ च्या सुधारणांनंतर दुप्पट झालं, आणि झालं ते योग्यच झालं. त्यानंतर राज्याची परीक्षा: १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि नूतनीकरणासाठी दर दोन वर्षांत ४० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

या ८० तासांत तुम्हाला पुष्कळ फिलिपिनो बायका भेटतील. या व्यवसायाचा मोठा भार वर्षानुवर्षं त्यांनी उचललेला आहे. त्यांच्याशी मैत्री करा. औषधांची नोंदवही कशी ठेवायची, हे मला पुस्तकाने शिकवलं, पण सहा जणांना नाश्ता, औषधं आणि आंघोळ सकाळच्या तीन तासांत कुणावर न ओरडता कशी करायची, ते शेजारच्या बाकावरच्या बाईने शिकवलं.

घर घेण्याआधी फायरवाल्यांचा विचार

लोक आधी घर घेतात आणि मग परवानग्यांमागे धावतात. क्रम उलटा हवा. घर तुमच्या मालकीचं असायलाच हवं असं नाही. भाड्याचंही चालतं, फक्त या कामासाठी ते वापरायचा हक्क कागदावर दाखवावा लागतो. पण त्याआधी त्या घराला फायर क्लिअरन्स, म्हणजे आगीच्या दृष्टीने मंजुरी, कोणत्या प्रकारचा मिळू शकेल, ते स्थानिक फायर विभागाकडून समजून घ्या.

रहिवाशांचे तीन प्रकार मानतात. पहिला, स्वतःहून घराबाहेर पडू शकणारा. दुसरा ‘नॉन-अँब्युलेटरी’. यात चाकाची खुर्ची, वॉकर किंवा कुबड्या लागणारे येतात, आणि पायांनी ठणठणीत असूनही आगीची सूचना समजून हालचाल करू न शकणारेही येतात. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेले, रोज दोन मैल चालणारे काका याच गटात येऊ शकतात. नवख्यांना हे कधीच सुचत नाही. तिसरा, ‘बेडरिडन’, म्हणजे अंथरुणात स्वतःहून कूस बदलू न शकणारा. कुठल्या खोलीत कोणत्या प्रकारचा माणूस ठेवता येईल, हे क्लिअरन्सवर लिहिलेलं असतं. बेडरिडन माणूस घेतला किंवा असलेला रहिवासी तसा झाला, तर ४८ तासांत फायर विभागाला कळवावं लागतं.

माझा सल्ला असा: सहाही जागांसाठी निदान नॉन-अँब्युलेटरी क्लिअरन्स मिळेल असंच घर बघा. आज टुणटुणीत असलेल्या आजी दोन वर्षांनी वॉकरवर येणार. तेव्हा “तुमच्या खोलीला परवानगी नाही” म्हणून त्यांना हलवायचं का? स्प्रिंकलर लागतील का, दारं किती रुंद हवीत, कोणत्या खोलीतून थेट बाहेर जाणारं दार हवं, हे घर पाहून फायरवालेच सांगतील. त्यांचं लेखी घ्या आणि मगच सुताराला बोलवा.

माझी पहिली तपासणी एका कुलुपावरून नापास झाली. मागच्या दाराला आतून किल्ली लावून उघडायचं कुलूप होतं. आधीच्या मालकाने बसवलेलं, मला कधी खटकलंच नव्हतं. तपासनीस म्हणाला, “धुरात किल्ली शोधणार कोण?” तेव्हा मला फक्त लाज वाटली. त्या रात्री झोप लागली नाही, कारण त्याच दाराजवळच्या खोलीत मी माझ्या सासूबाईंना ठेवणार होते.

बाकी घराच्या अटी मोजक्या आहेत आणि मोजता येण्यासारख्या आहेत. एका खोलीत जास्तीत जास्त दोघे. दुसऱ्या खोलीत जायचा रस्ता कुणाच्या झोपायच्या खोलीतून नको. घरात राहणारे कर्मचारी आणि तुमचं कुटुंब धरून दर सहा जणांमागे एक संडास आणि बेसिन. नळाचं गरम पाणी १०५ ते १२० अंश फॅरनहाइटच्या मधे. यासाठी पाच डॉलरचा थर्मामीटर घ्या आणि दर सोमवारी पाणी मोजून वहीत लिहा. संडास-न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि न घसरणाऱ्या चटया हव्यात. सुऱ्या, फिनेल आणि औषधं कुलपात. पोहण्याचा तलाव असेल तर कुंपण.

अर्ज आणि कागद

अर्ज राज्याच्या मध्यवर्ती कक्षाकडे जातो. आधी ऑनलाइन परिचय-सत्र, मग अर्ज, मग अधिकाऱ्याची मुलाखत, मग आणखी एक प्रशिक्षण, आणि शेवटी घराची पाहणी. फी खाटांच्या संख्येवर ठरते. मुख्य फॉर्म एलआयसी २००. त्याच्यासोबत घराचा नकाशा, आपत्तीची योजना, कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक आणि ‘प्लॅन ऑफ ऑपरेशन’ जातो. हा शेवटचा कागद विकत मिळतो. विकत घेऊ नका. तुमच्या घरात सकाळ कशी उजाडते, कोण कुणाला उठवतं, वीज गेली तर काय करायचं, हे स्वतः लिहायला बसलात की घरातली भोकं तिथेच दिसतात. मुलाखतीत अधिकारी त्यावरच विचारतो, आणि दुसऱ्याचा प्लॅन आणलेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला अडखळतो.

पैशाचं सांगायचं तर, निदान तीन महिन्यांचा पूर्ण खर्च हाताशी दाखवता आला पाहिजे. पहिले कित्येक महिने घर अर्धं रिकामं असतं आणि पगार मात्र पूर्ण जातो. जबाबदारीचा विमा सक्तीचा आहे: २०१५ च्या जुलैपासून एका घटनेला १० लाख डॉलर आणि वर्षाला एकूण ३० लाख डॉलर. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, इथल्या राहण्या-जेवणाचा खर्च देत नाही, हे कुटुंबांना पहिल्याच भेटीत सांगा. पुष्कळांचा तोच समज असतो. अलामेडा, सांता क्लारा, लॉस एंजेलिस अशा काही काउंट्यांत मेडी-कॅलची, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या राज्याच्या आरोग्य विम्याची, ‘असिस्टेड लिव्हिंग वेव्हर’ योजना आहे. तिच्यात भाग घ्यायचा असेल तर वेगळी नोंदणी लागते.

माणसं

घरात काम करणाऱ्या, आणि रहिवासी सोडून घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे बोटांचे ठसे ‘लाइव्ह स्कॅन’ने जातात आणि मंजुरी आल्याशिवाय त्या माणसाने पाऊल ठेवायचं नाही. तुमचा नवरा, कॉलेजातून परत आलेला मुलगा, सगळेच यात आले. उल्लंघनाला दिवसाला १०० डॉलर दंड आहे. दंडाचं सोडा, पण भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या मावशीला “जरा मदत कर” म्हणून उभं केलं आणि तेवढ्यात तपासनीस आला, असं एका कुटुंबाच्या बाबतीत घडलेलं मला माहीत आहे.

नव्या केअरगिव्हरला ४० तासांचं प्रशिक्षण द्यायचं. त्यातले २० तास एकट्याने काम सुरू करण्याआधी आणि उरलेले २० पहिल्या चार आठवड्यांत. पुढे दर वर्षी २० तास. औषधं देणाऱ्याला लहान घरात वेगळं १० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा. प्रत्येक पाळीत प्रथमोपचार आणि सीपीआर येणारा निदान एक माणूस हवा.

आता रात्र. लहान घरात रात्री पात्र माणूस घरातच असला पाहिजे. तो झोपलेला चालतो. पण डिमेन्शिया असलेल्या एखाद्या रहिवाशाला रात्री जागती देखरेख लागते असं दिसलं, तर एक माणूस जागा ठेवावाच लागतो. इथे सगळ्यांचा हिशेब कोसळतो, कारण जागत्या माणसाची पाळी म्हणजे आणखी एक पूर्ण पगार. म्हणून हा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. आणि तिथेच राहणाऱ्या केअरगिव्हरला “जेवण-राहणं फुकट आहे ना” म्हणून चोवीस तास राबवू नका. किमान वेतन आणि ओव्हरटाइम तिलाही लागू आहे. या व्यवसायातल्या बऱ्याच घरांवर राज्याच्या कामगार आयुक्तांनी बुडवलेल्या पगारासाठी कारवाई केली आहे, आणि मला ते वाचून आपल्या सगळ्यांबद्दल वाईट वाटतं. थकलेल्या बाईच्या हातून म्हातारं माणूस पडतं.

कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही

सगळ्यात कठीण पायरी ही. माझ्या मते लायसन्स टिकतं किंवा जातं ते इथे.

माणूस घेण्याआधी डॉक्टरचा अहवाल लागतो, एलआयसी ६०२ए. त्यासोबत तुम्ही स्वतः त्या व्यक्तीला भेटून केलेलं मूल्यमापन. अहवाल कुटुंबाकडून येतो आणि कुटुंब दमलेलं असतं. “आई रात्री शांत झोपते,” असं सांगणारी मुलगी खोटं बोलत नसते, तिला तसं व्हावंसं वाटत असतं. म्हणून शक्य असेल तर संध्याकाळी भेटा. सूर्य मावळताना घाबरीघुबरी होणारी माणसं सकाळी अकरा वाजता तुमच्याशी छान गप्पा मारतात.

काही अवस्थांची माणसं सर्वसाधारणपणे आपल्याकडे ठेवताच येत नाहीत: तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातले बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या खोल जखमा), अन्न देण्यासाठी पोटात किंवा नाकातून घातलेली नळी, गळ्याला छेद घेतलेला, गंभीर संसर्ग, रोजच्या प्रत्येक क्रियेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेला. अपवादासाठी लायसन्सिंगकडे अर्ज करता येतो आणि हॉस्पिसमधल्या, म्हणजे आयुष्याच्या अखेरीची शुश्रूषा घेणाऱ्या रुग्णांसाठी वेगळी वाट आहे. ती ‘हॉस्पिस वेव्हर’ सुरुवातीलाच मागून ठेवा, म्हणजे वर्षानुवर्षं आपल्याकडे राहिलेल्या माणसाला शेवटच्या महिन्यात परक्या जागी पाठवावं लागत नाही.

दुसरा गट अटींवर ठेवता येणाऱ्यांचा: ऑक्सिजन, कॅथेटर (लघवीची नळी), कोलोस्टोमी (पोटावरची मलाची पिशवी), मधुमेहाचं इंजेक्शन. शेवटचं नीट समजून घ्या, कारण आपल्या लोकांत साखर घरोघरी. इन्सुलिन रहिवाशाने स्वतः टोचायचं किंवा नर्ससारख्या पात्र व्यक्तीने येऊन. केअरगिव्हरने टोचायचं नाही. “अहो, गावी आमची कामवाली बाई द्यायची,” हे मी कितीदा ऐकलंय. इथे नाही चालत, आणि चुकीच्या मात्रेने बेशुद्ध झालेलं माणूस एकदा पाहिलं की का चालत नाही ते कळतं.

दुसऱ्या वर्षी मी एका निवृत्त शिक्षकांना घेतलं. त्यांच्या पाठीला ‘किरकोळ लाली’ आहे असं कागदावर होतं. दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी चादरीखालून जे निघालं ती खोल जखम होती. मी त्यांना त्याच दुपारी हॉस्पिटलात पाठवलं, लायसन्सिंगला कळवलं, आणि त्यांच्या मुलाचा राग झेलला. चूक माझी होती: भेटायला गेले तेव्हा मी त्यांना कुशीवर वळवून पाहिलं नव्हतं. त्यानंतर मी पाठ पाहिल्याशिवाय ‘हो’ म्हटलेलं नाही.

करारनाम्यात महिन्याचा दर, त्यात काय येतं आणि काय नाही, दर कधी वाढेल, कोणत्या कारणाने जायला सांगता येईल, हे स्पष्ट लिहा. जायला सांगायचं तर साधारण ३० दिवसांची लेखी मुदत लागते. चार दिवसांत काढता येत नाही आणि ते बरोबरच आहे.

रोजचा दिवस आणि अचानक येणारा पाहुणा

२०१९ पासून वर्षातून निदान एकदा न सांगता तपासणी होते. त्याआधी काही घरांत पाच वर्षं कुणी फिरकत नसे. तपासनीस आला की चहा विचारा, पण धावपळ करू नका. तो पाहतो ते रोजचं: औषधांची नोंद, कुलपं, फ्रीज, कर्मचाऱ्यांच्या फाईली, गरम पाणी. दोन दिवसांचं नाशवंत आणि आठवड्याचं टिकाऊ अन्न घरात हवं. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत १५ तासांपेक्षा जास्त अंतर नको. एकादशी करणाऱ्या आजींना उपासाचा हक्क आहे, पण मधुमेह असेल तर डॉक्टरशी बोलून त्यांच्या योजनेत लिहून ठेवा.

मुलं पिशवीतून त्रिफळा चूर्ण, गुडघ्याचं तेल, पुण्याच्या वैद्यांच्या गोळ्या आणतात. प्रेमाने आणतात. माझ्याकडे डॉक्टरच्या लेखी संमतीशिवाय त्यातलं काही दिलं जात नाही आणि ते आजोबांच्या उशीखाली राहत नाही, कुलपात जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत काय जमतं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार आपला नव्हे.

प्रवेशद्वाराशी तक्रार कुठे करायची याचा २० बाय २६ इंचांचा फलक लागतो, शिवाय ऑम्बड्समनचा, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारींत त्यांची बाजू घेणाऱ्याचा. तो सोफ्यामागे लपवू नका. मृत्यू, गंभीर इजा, घर सोडून भरकटणं अशा घटनांचा लेखी अहवाल सात दिवसांत जातो. मारहाण किंवा छळाचा संशय आला तर तेवढं थांबायचं नाही, लगेच कळवायचं. तुम्ही आणि तुमचा प्रत्येक कर्मचारी कायद्याने त्याला बांधलेला आहे. हलगर्जीने मृत्यू झाला तर दंड १५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तपासणीचे आणि तक्रारींचे अहवाल विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. नव्या कुटुंबाला मी स्वतः माझ्या घराचे अहवाल दाखवते, त्यात २०१९ ची एक त्रुटी आहे तीही.

बंद करायची वेळ आली तर

हे कुणी विचारत नाही, म्हणून मी न विचारता सांगते. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅस्ट्रो व्हॅलीतल्या एका निवासाला राज्याने बंद करण्याचा आदेश दिला. बहुतेक कर्मचारी निघून गेले. आत डझनाहून जास्त वृद्ध उरले आणि त्यांच्यासोबत थांबले ते स्वयंपाकी आणि सफाई कामगार. त्या दोघांनी दिवसरात्र त्यांना खाऊ घातलं, औषधं दिली, शेवटी बाहेरून मदत आली. पुढच्या वर्षीच्या कायद्यांच्या मालिकेमागे ही घटना आहे. तुमचे ८० तास, तुमचा विमा, वाढलेले दंड, सगळं २०१४ च्या त्या मालिकेतून आलेलं आहे.

घर बंद करायचं तर प्रत्येक रहिवाशाला ६० दिवसांची लेखी मुदत द्यायची आणि त्याला कुठे, कशा प्रकारच्या जागी राहता येईल याचं मूल्यमापन करून हातात द्यायचं. त्या साठ दिवसांचे पगार, वाणसामान, वीज आणि विमा भरण्याइतके पैसे मी एका वेगळ्या खात्यात ठेवले आहेत. त्या खात्याला हात लावायचा नाही, असं घरात ठरलेलं आहे.